जनीचा पंचा

नाईकनवरे वहिनींनी माझा हात हातात घेतला नाही. पेन्सिलीनं उचलला.

लाल पेन्सिल होती, मागे रबर असलेली, त्यांच्या विराजच्या दप्तरातलीच. रबराचं टोक माझ्या मनगटाखाली घालून त्यांनी तळवा वर केला. मग एकेक बोट बाजूला सारून मधल्या बेचक्या पाहिल्या. बाजारात वांगं उलटून किडीचं भोक आहे का बघतात, तसं.

संध्याकाळचे सहा वाजले होते. मुलांना न्यायला आलेल्या सात आया माझ्या ओसरीवर उभ्या होत्या. 

"दुसरा," वहिनी म्हणाल्या.

मी दुसरा हात पुढे केला.

"मावशींच्या हातावर तर काही दिसत नाही," त्या सगळ्यांकडे बघत म्हणाल्या. "म्हणजे मुलांतल्याच कुणीतरी आणलीय खरूज. कुणी, ते मी सांगायला नको."

सगळ्यांच्या नजरा खांबाशी बसलेल्या जनीकडे गेल्या. जनी चार वर्षांची होती. तिची आई अंजना वसाहतीत पोळ्या करायला यायची, तीन घरी. त्यातलं एक घर नाईकनवऱ्यांचं. आई पोळ्या लाटेपर्यंत जनी माझ्याकडे असायची.

"अहो, पण तिच्या..." मी म्हटलं.

"मावशी, आज चार मुलं रात्रभर खाजवतायत. उद्या आठ होतील. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, ती मुलगी इथं असेल तर आमची नसतील. बघा तुम्ही." पेन्सिल त्यांनी दप्तरात परत टाकली नाही. माझ्या तुळशीच्या कुंडीत टाकली.

ही कराडजवळच्या पाटबंधारे वसाहतीतली गोष्ट. पंचवीस वर्षं होऊन गेली. माझे यजमान कालव्यावर मोजणीदार होते. ते गेल्यावरही दोन खोल्यांचं क्वार्टर माझ्याकडे राहिलं ते मोठ्या साहेबांच्या सहीवर, आणि मोठे साहेब म्हणजे वहिनींचे मिस्टर. त्या दोन खोल्यांत मी पाळणाघर चालवायची. शालनमावशीचं पाळणाघर. पाटीबिटी नव्हती, पण वसाहतीत कुणालाही विचारलं तर घर दाखवत.

माझ्याकडे दोन गोष्टींची शिस्त होती. पहिली पंच्यांची. प्रत्येक मुलाचा पंचा वेगळा, त्याची खुंटी वेगळी. अक्षर ओळखायचं वय नसतं, म्हणून मी कोपऱ्यावर दोऱ्यानं चित्र भरून द्यायची, आणि चित्र कोणतं ते मूलच ठरवायचं. कुणाचा पोपट, कुणाचा पेरू. विराजची जीपगाडी. जनीला विचारलं तर म्हणाली, "लाटणं." मी काढायला गेले लाटणं, झाला मासा. तिनं पंचा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "आसू दे. लाटणंच हाय."

दुसरी शिस्त दाराची. सकाळी उंबऱ्यावर प्रत्येकाचे हात बघितल्याशिवाय मी आत घेत नसे. हे माझ्या आईनं शिकवलेलं. तिला नऊ पोरं आणि एक जातं. पोर आणि पीठ दोन्ही बघून घ्यावं, म्हणायची. नुसते हात बघितले की मुलं दचकतात, म्हणून ती ओवी म्हणायची. एकेका बोटाला धरून, हळूच फाकवत:

पहिली गं करंगळी, दारी उभी एकली
तिच्या शेजारची बाई, अंगठीनं नटली
मधलं बोट थोरलं, मळ्याचा गं पाटील
बोटांच्या आडोशाला, चोर कुठं लपेल

चोर म्हणताना तळव्यावर गुदगुली करायची. मुलं खदाखदा हसत आत पळत. त्यांना तो खेळ वाटे, पण तेवढ्यात मी चारही बेचक्या, मनगट आणि नखं बघून घेतलेली असत. खरूज आधी तिथंच येते.

डिसेंबरात विराजच्या बेचक्यांत मला बारीक पुरळ दिसलं होतं. मी वहिनींना विचारलंही.

"उष्णता आहे," त्या म्हणाल्या होत्या. "आमच्याकडे सगळ्यांनाच उष्णतेचा त्रास. सब्जा देतेय मी त्याला."

मी मान हलवली आणि विराजला आत घेतलं.

पेन्सिलीच्या त्या सोमवारी सगळ्या आया गेल्यावर अंजना आली, पदराला पिठाचे हात पुसत. मी तिला ओसरीवरच थांबवलं.

"अंजना, काही दिवस जनीला आणू नकोस."

ती समजली. पोळ्या करणाऱ्या बाईला असल्या गोष्टी कळायला वेळ लागत नाही. तिनं जनीचा हात धरून दिव्याखाली नेला.

"ताई, हे आत्ता आठ दिसांत आलंय. विराजबाबाच्या अंगाव दिवाळीपास्नं हाय. म्या सोता बघितलंय, त्यास्नी न्हाऊ घालताना. कमरंला, काखंत."

"गप बस," मी म्हटलं. "कुणी ऐकलं तर?"

"ऐकू द्या की. खोटं हाय व्हय?"

"तुझं खरंच आहे असं धर. पण माझं क्वार्टर कुणाच्या सहीवर आहे ते तुला माहीत आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमी रोज दारात हात बगता ताई. विराजबाबाचं न्हाई बगितलं?"

मी आत गेले, खुंटीवरून जनीचा पंचा काढला. दोन बोटांच्या चिमटीत धरला, अंगापासून लांब, आणि तसाच जनीपुढे केला. जनीनं तो दोन्ही हातांनी घेऊन छातीशी धरला.

माझ्याकडे उशिरापर्यंत थांबणारी दोन मुलं अजून आत होती. त्यांना मी हाक मारली, "चला रे, हात धुवा. साबण लावून."

जनी पायरीवर होती. तिनं ऐकलं.

त्या रात्री जेवण गेलं नाही. डोळ्यांपुढे जनी नव्हती, हे मी आज कबूल करते. पेन्सिल होती. सात बायकांसमोर, ज्यांची पोरं मी मांडीवर निजवली, पोटात कळ आली की ओवा चोळला, त्यांच्यासमोर या बाईनं माझा हात काडीनं उलटा केला होता. मी तुळशीतली पेन्सिल काढून आणली आणि देवाच्या फळीवर ठेवली. रोज दिवा लावताना दिसावी म्हणून.

बुधवारी मी तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टर बाईंनी माझ्याकडच्या तीन मुलांना आधीच तपासलं होतं.

"खरूजच आहे. घाबरायचं काही नाही, पण एक लक्षात घ्या," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना एकाच दिवशी औषध लावायचं. मुलांना, आईबापांना, तुम्हाला, घरात जो जो असेल त्याला. मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली. कपडे, चादरी त्याच दिवशी उकळत्या पाण्यात. आठवड्यानं पुन्हा एकदा. एकानं लावलं आणि दुसऱ्यानं नाही, की ती फिरून पहिल्याकडे येते. लोक एकट्या पोराला लावतात, लपूनछपून. मग बरी झाली म्हणतात आणि महिन्यानं परत हजर."

मी पांढऱ्या औषधाच्या बाटल्या घेऊन आले. आयांना निरोप पाठवले: रविवारी संध्याकाळी पाचला सगळ्यांनी माझ्या ओसरीवर या, कसं लावायचं ते दाखवते. त्या कबूल झाल्या. वहिनींनीही निरोप पाठवला, "येऊ. कुणालातरी लक्ष ठेवायलाच हवं."

गुरुवारी दुपारी मुलं निजली होती. विराज तेवढा जागा होता. मी एका बाटलीचं बूच काढून वास घेत होते, तोच तो सतरंजीवरून उठून आला.

"हे आमच्याकडे पण आहे."

"काय आहे?"

"हे पांढरं. थंडगार असतं. मग चुरचुरतं."

मी बाटली खाली ठेवली. "कसं लावतात रे ते?"

त्यानं मला करूनच दाखवलं. पाय फाकून उभा राहिला, हात आडवे पसरले, दहाही बोटं ताठ फाकवली, हनुवटी वर केली आणि डोळे मिटून घेतले. मग खाली बसून एक तळवा वर केला, मग दुसरा. माझ्या इतक्या मुलांत कुणी इतकं शहाण्यासारखं उभं राहिलं नव्हतं.

"तोंडाला नाही लावायचं," तो म्हणाला. "नखाखाली लावायचं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय. दिवाळीच्या सुट्टीत."

"आणि आईबाबांनी लावलं?"

"नाही. माझ्या एकट्याचंच होतं." मग त्यानं माझ्या कानाशी तोंड आणलं. "आई म्हणाली, कुणाला सांगायचं नाही."

"मग मला का सांगितलंस?"

"तुझ्याकडे पण बाटली आहे ना."

मी त्याला थोपटून निजवलं. मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरशात बघितलं तर मी हसत होते.

तेव्हाच चप्पल घालून निघाले असते तर अंजनाची वस्ती दहा मिनिटांवर होती. कालव्याच्या पुलापलीकडे. पण मला वाटलं, नुसतं सांगून काय होणार? वहिनी म्हणतील, लहान पोर आहे, काहीही बोलतं. मला सांगायचं नव्हतंच. मला दाखवायचं होतं. त्याच ओसरीवर, त्याच सात जणींसमोर, दिवसाउजेडी.

शुक्रवारी अंजना आली. उंबऱ्याच्या बाहेर, पायरीखाली उभी राहिली. तिचे हात स्वच्छ होते. पीठ नव्हतं.

"ताई, नाईकनवऱ्यांचं काम सुटलं. डिसलेबाईंनीबी काल नको म्हणून सांगितलं. कुलकर्णीकाकूंचं येवढं हाय. त्या म्हणाल्या, शालनमावशीनं पोरीला परत घेतलं तर मीबी कणकंला हात लावू दीन. उद्यापत्तुर सांग म्हणाल्या."

"रविवारपर्यंत थांब."

"रविवारी काय हाय?"

"थांब म्हटलं ना. सगळं नीट होईल."

"ताई, त्या उद्यापत्तुर म्हणाल्यात. तुमी नुसतं त्यास्नी म्हना, जनीचं औशद चालू हाय, म्या घेनार हाय तिला. येवढंच. तुमच्या सबुदाला मान हाय वसाहतीत."

मी तिच्याकडे बघितलं. शुक्रवारी शब्द टाकला असता तर बोभाटा झाला असता. वहिनींच्या कानावर गेलं असतं. त्या सावध झाल्या असत्या, रविवारी विराजला घरी ठेवलं असतं.

"रविवारी संध्याकाळी," मी म्हटलं. "दोन दिवसांनी काय होतंय?"

अंजना हसल्यासारखं काहीतरी करून गेली.

रविवारी मी ओसरी शेणानं सारवली, सतरंजी घातली. पाचच्या ठोक्याला सगळ्या आल्या. वहिनी मोतिया रंगाच्या साडीत, विराजचं बोट धरून. बसायला मी त्यांना खुर्ची दिली, बाकीच्यांना सतरंजी. त्यांना बरं वाटलं.

"आधी मुलांना औषध कसं लावायचं ते दाखवते," मी म्हटलं. "मुलं भितात. एखादं धीट पोर पुढे आलं तर बाकीच्यांचीही भीती जाईल. विराज, येतोस बाळा?"

"विराज नको," वहिनी म्हणाल्या. "तो घाबरतो औषधाला."

"मी नाही घाबरत," विराज म्हणाला आणि बोट सोडवून आला.

मी बाटलीचं बूच काढलं. एवढंच केलं मी. बाकी काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. बूच निघालं, वास सुटला, आणि विराजनं पाय फाकले, हात पसरले, दहा बोटं ताठ केली, हनुवटी वर, डोळे बंद.



डिसलेबाई म्हणाल्या, "अगंबाई, याला बरं येतं सगळं."

"उष्णतेसाठी एकदा डॉक्टरांनी..." वहिनी उठल्या.

"उष्णता नाही," विराज डोळे न उघडता म्हणाला. त्याला चूक खपत नसे. "खरूज. दिवाळीत पुण्याला. तोंडाला नाही लावायचं आणि नखाखाली लावायचं." त्यानं खाली बसून तळवा वर केला. "आणि कुणाला सांगायचं नाही."

मी देवाच्या फळीवरची लाल पेन्सिल घेऊन आले. वहिनींच्या पुढ्यात धरली.

"तुमची राहिली होती, वहिनी. हात दाखवता का? सगळ्यांचे बघायचे आहेत, डॉक्टरांनी सांगितलंय."

त्यांनी हात पदराखाली घेतले. तेवढं पुरे होतं. सातही जणींनी पाहिलं.

"दिवाळी," कुणीतरी म्हणालं. "म्हणजे आमच्या पोरांच्या दोन महिने आधी." दुसरी म्हणाली, "आणि त्या पोळीवालीच्या पोरीवर ढकललं." कुलकर्णीकाकू नातवाला उचलून वहिनींपासून दोन हात लांब सरकून बसल्या.

विराजनं डोळे उघडले. "आई, बरोबर केलं ना?"

वहिनींनी त्याला दंडाला धरून ओढत नेलं. फाटकापर्यंत तो मागे वळून माझ्याकडे बघत होता, बोटं तशीच फाकलेली.

त्यांचा तो चेहरा आठवला की मला आजही गोड वाटतं. खोटं कशाला बोलू.

सोमवारी सकाळीच अंजनाकडे जायला हवं होतं. पण सोमवारी वहिनींचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. त्यांचा बंगला माझ्या ओसरीच्या समोर. विधवा बाईला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, त्यामुळे दरवर्षी मी समोरून बघायची. त्या वर्षी वाणासाठी स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या, चाळीस. व्हरांड्यात टेबलावर मनोरे रचून ठेवल्या होत्या. मी दुपारी चारपासून सूप घेऊन तांदूळ निवडत बसले. पाच वाजले, साडेपाच वाजले. तहसीलदारांच्या मिसेस येऊन गेल्या, त्या बाहेरच्या, त्यांना माहीत नव्हतं. वसाहतीतली एकही बाई फाटकाशी फिरकली नाही. अंधार पडायला लागला तेव्हा वहिनींनी स्वतःच वाट्या आत नेल्या, मनोऱ्यातली एकेक उचलून. मी तोवर तोच पसाभर तांदूळ चारदा निवडला होता.

मंगळवारी गेले. पिशवीत औषधाच्या दोन बाटल्या, तिळाचे लाडू. पुलावरून जाताना मनात वाक्यं जुळवत होते. अंजना रडेल, मी म्हणेन रडू नकोस.

अंजनाच्या दारात पत्र्याची पेटी आणि एक बोचकं दोरीनं बांधून ठेवलं होतं. ती चुलीची राख भरत होती.

"कुठं निघालीस?"

"कोरेगावला. भावाकडं. हितं कोन कामाला ठेवतंय आता?"

"अगं, सगळं उघड झालं. विराजकडूनच आलं. सगळ्यांसमोर सिद्ध झालं रविवारी. चल तू. डिसलेबाई स्वतः म्हणाल्या, अंजनाला बोलवा."

"ऐकलं म्या. कुलकर्णीकाकूंनी शनिवारीच दुसरी बाई ठेवली." ती राख भरत राहिली. "ताई, तुमास्नी कवा कळलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढे जमलं नाही.

"गुरुवारी."

तिनं टोपलं खाली ठेवलं. "म्या शुक्रवारी आल्ते."

मी पिशवी खाली ठेवली.

"पायरीखाली हुबी हुते. सबूद टाका म्हनलं हुतं."

"अंजना, तेव्हा सांगितलं असतं तर त्या निसटल्या असत्या..."

"त्या निसटल्या असत्या," अंजना म्हणाली. "व्हय. आन् आमी?"

मी बाटल्या पायरीवर ठेवल्या, लाडवांचा डबा ठेवला. कसं लावायचं ते सांगितलं, दोघींनी, एकाच दिवशी. अंजनानं ऐकून घेतलं. औषध घेतलं. डबा घेतला नाही.

"जनी कुठाय?" मी विचारलं. "जने, ये, हात दाखव. पहिली गं करंगळी..."

जनी पेटीमागून आली. हात पाठीमागे होते. आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग एक हात पुढे आणला. त्यात तिचा पंचा होता, धुतलेला, कडक वाळलेला, कोपऱ्यावर माशासारखं लाटणं. दोन बोटांच्या चिमटीत धरला होता तिनं, अंगापासून लांब.

मी तो दोन्ही हातांनी घेतला.

"जने," अंजना राखेचं टोपलं उचलत म्हणाली, "हात धू जा. साबन लावून."